वस्तू आणि नोंद : सातारा-सांगली परिसरातील संग्रहालये पाहताना

संग्रहालय पाहावयास जाणारा मनुष्य प्रथम वस्तूकडे पाहतो आणि वेळ उरला तर तिच्याखालील पाटी वाचतो. बौद्ध विद्येच्या अभ्यासकाने हा क्रम उलटा करावा, असे आम्हांस वाटते. वस्तू कोणी घडविली, कोणी दिली, कोठून आली आणि कोणाच्या हाती राहिली, हे सांगणारी नोंद जवळ नसेल तर उत्तमोत्तम वस्तूही मुकी राहते. नोंद असेल तर सामान्य कागदसुद्धा बोलू लागतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एकेका विषयास, एकेका राजाच्या छंदास किंवा एकेका व्यक्तीच्या स्मृतीस वाहिलेली जी लहानमोठी संग्रहालये व स्मृतिस्थाने आहेत, त्यांचा परिचय याच दृष्टीने करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सर्व स्थळांची यादी येथे दिलेली नाही. जेथे थांबून विचार करावा असे वाटले, तेथेच आम्ही अधिक थांबलो आहोत.

नोंदीचे महत्त्व बौद्ध परंपरेस नवे नाही. जपानमधील नारा येथील तोदाइजी या महाविहाराच्या आवारात शोसोइन नावाचे लाकडी कोठार आहे. सम्राट शोमू यांच्या निधनानंतर एकोणपन्नासाव्या दिवशी, इ. स. ७५६ मध्ये, सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वापरातील सहाशेंहून अधिक वस्तू तेथील महाबुद्धास अर्पण केल्या आणि त्या सर्वांची यादी करून दिली. ती यादी आजही उपलब्ध आहे. वाद्ये, वस्त्रे, आरसे, शस्त्रे यांपैकी काय राहिले आणि काय गेले, याचा ताळा बाराशे वर्षांनंतरही घेता येतो तो या यादीमुळे. १९४६ पासून नारा राष्ट्रीय संग्रहालयात दर शरद ऋतूत यांतील निवडक वस्तूंचे प्रदर्शन भरते. कोठाराची मजबुती कारणी लागली हे खरे. पण यादी नसती तर जे उरले ते जुन्या सुंदर सामानाचा ढीग म्हणूनच उरले असते.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. सातारा जिल्ह्यातील सर्वांत जुन्या ज्ञात नोंदी कोणत्याही कपाटात नाहीत. त्या दगडावर आहेत, आणि त्यांपैकी महत्त्वाच्या काही तर जिल्ह्याबाहेर आहेत. कऱ्हाडच्या नैर्ऋत्येस, जखिणवाडी गावाजवळ, आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. साताऱ्याचे रेसिडेंट असताना बार्टल फ्रिअर यांनी त्यांच्यावर टिपण लिहिले. पुढे जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांची तपशीलवार पाहणी केली. लेणी बहुतेक लहान आणि साधी आहेत. अजिंठ्याचे रंग किंवा कार्ल्याची भव्यता शोधीत जाणारा प्रवासी येथे निराश होतो. परंतु लहान खोल्या, बसावयाचे व निजावयाचे दगडी ओटे, मधूनच एखादे चैत्यगृह, ही मांडणी पाहिली म्हणजे वर्षावासासाठी डोंगरात राहणाऱ्या भिक्षुसंघाचे दैनंदिन जीवन येथे जितके स्पष्ट कळते तितके मोठ्या लेण्यांत कळत नाही. येथील एका लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेण्याचे दान केल्याचे नमूद आहे. दात्याचे नाव, पित्याचे नाव आणि दिलेली वस्तू, एवढाच मजकूर. संग्रहालयाच्या पाटीला याहून अधिक काय लागते?

कऱ्हाडचे प्राचीन नाव करहाटक, प्राकृतात करहाकट किंवा करहाकड. या नावाचा माग काढीत गेले की आपण थेट मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात, भारहुतच्या स्तूपापाशी पोहोचतो. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये तो स्तूप आढळला. इसवी सनापूर्वीच्या त्याच्या कठड्यावर दात्यांचे जे लेख आहेत त्यांत करहाकट निगमाने, म्हणजे नगराने मिळून, दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. शिवाय करहाकटच्या आर्य भूतक याने एक स्तंभ दिल्याचेही नोंदले आहे. हे करहाकट म्हणजे कऱ्हाडच, असे विद्वानांनी मानले आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील नगराने सुमारे हजार किलोमीटर दूरच्या स्तूपास दान पाठवावे, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही शिल्पापेक्षा मोलाची वाटते. दान कोणा एका राजाचे नव्हते, नगराचे होते. रस्ते होते, सार्थवाह होते, आणि दूरच्या स्तूपात आपलाही वाटा असावा असे वाटणारे नागरिक होते. भारहुतच्या कठड्याचा मोठा भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहे.

दुसरी नोंद कोकणात आहे. रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेण्यांत करहाकडचा लोहवाणिया, म्हणजे लोखंडाचा व्यापारी, महिक याने एक लेणे दान दिल्याचा लेख आहे. गाव, धंदा, नाव, दान. घाट उतरून कोकणच्या खाडीकडे माल नेणारा हा व्यापारी आपला धंदा सांगण्यास लाजत नाही. उलट तो दगडात कोरून ठेवतो. दात्यांच्या अशा लेखांत सुतार, माळी, वैद्य, लोहार, भिक्षुणी, गृहिणी असे सर्व थरांतले लोक भेटतात. पश्चिम भारतातील लेण्यांना आम्ही समाजाची नोंदवही म्हणतो ते यामुळेच.

आणि नोंद पुसली गेली की काय होते, याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. वाईजवळील लोहारे येथील लेणी पालपेश्वर या नावाने ओळखली जातात. तेथील स्तूप पुढील काळात शिवलिंग म्हणून पूजेत आला. भाविकांच्या श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. एखादे स्थान पूजेत राहिल्याने ते मोडतोडीपासून वाचले, असेही अनेक ठिकाणी घडले आहे. परंतु तेथे उभ्या राहिलेल्या अभ्यासकास स्तूपाचे अंग कोणते आणि नंतरचे कोणते, हे स्वतःच ओळखावे लागते. पुणे-बेंगळूरु महामार्गालगतच्या शिरवळजवळही बौद्ध लेणी आहेत. साताऱ्याकडे येताना ती प्रथम पाहून घ्यावीत. सकाळचा एक प्रहर पुरेसा होतो.

सातारा शहरात बसस्थानकाजवळ छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे. मराठेशाहीची शस्त्रे, वस्त्रे आणि तत्कालीन वस्तू हा त्याचा विषय. १९ जुलै २०२४ पासून सात महिने येथे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या मुदतीने भारतात आणलेली वाघनखे प्रदर्शित केली होती आणि ती पाहण्यासाठी दूरदूरहून लोक आले. आमच्या विषयाशी या प्रसंगाचा संबंध आहे तो नोंदीपुरता. ही वाघनखे ज्या पेटीत आहेत तिच्यावरील मजकूर सांगतो की साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली आणि अफझलखानाच्या वधात वापरली गेली ती हीच. पेटीवरील हा मजकूर वस्तू इंग्लंडात गेल्यानंतरचा. लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते की शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करता येत नाही. यावर वृत्तपत्रांत बराच वाद झाला. आमच्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. महाराजांचा पराक्रम एखाद्या पोलादी वस्तूवर अवलंबून नाही; आणि वस्तूची नोंद तपासणे म्हणजे पराक्रमावर शंका घेणे नव्हे. बुद्धधातूंच्या बाबतीतही हाच विवेक उपयोगी पडतो. पिप्राहवा येथील अस्थिपात्राचे महत्त्व पात्रावरील कोरीव लेखामुळे आहे. आणि त्या लेखाच्या अर्थाविषयीही विद्वानांनी मोकळेपणाने वाद घातले आहेत.

संग्रहालयातून निघून जुन्या राजवाड्याकडे जावे. तेथे प्रतापसिंह हायस्कूल भरत आले आहे. ही शाळा आहे, संग्रहालय नव्हे; म्हणून शाळेची परवानगी घेऊन, वर्ग चालू असताना अडथळा होणार नाही अशा बेताने जावे. येथे जपून ठेवलेल्या प्रवेशाच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी, १९१४ या अनुक्रमांकापुढे, भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव नोंदले आहे. पहिली इंग्रजी इयत्ता. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ त्या काळी कुटुंबासह साताऱ्यात राहत होते. माता भीमाबाई यांचे निधन साताऱ्यातच झाले होते. १९०४ पर्यंत हा मुलगा या शाळेत होता, मग कुटुंब मुंबईस गेले. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला.

या एका ओळीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कालिंगबोधि जातकात चैत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. शरीराचे अवशेष ते शारीरिक. ज्याचा प्रत्यक्ष उपभोग वा वापर घेतला ते पारिभोगिक. आणि ज्याला पाहून स्मरण व्हावे म्हणून घडविले, ते उद्देशिक. बाबासाहेबांची पुस्तके, लेखणी, चष्मा, खुर्ची अशा वस्तू अनेक ठिकाणी श्रद्धेने जपल्या आहेत. त्या सर्व दुसऱ्या प्रकारात मोडतात. पुतळे तिसऱ्यात. शाळेची नोंदवही मात्र या तिहींपैकी कशातच नीटशी बसत नाही. तिला त्यांनी वापरले नाही, ती स्मरणार्थ घडविलेली नाही. एका कारकुनाने किंवा मास्तरांनी नित्याचे काम म्हणून ती ओळ लिहिली. जो समाज शतकानुशतके लेखनाच्या बाहेर ठेवला गेला, ज्याची नावे सरकारी दप्तरांत बहुधा वतनाच्या चाकरीपुरती किंवा पलटणीच्या हजेरीपुरती येत, त्या समाजातील एका मुलाचे नाव येथे इतर मुलांच्या नावांच्या रांगेत, त्याच शाईने, त्याच रकान्यात आले. वर्गात त्यास वेगळे बसावे लागले, पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागली, हे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. वर्गात जी समता नव्हती ती नोंदवहीच्या पानावर होती. म्हणूनच हे पान चौकटीत एकटे लावलेले पाहण्यापेक्षा त्याच्या वरखालच्या नावांसह पाहणे अधिक उचित, असे आमचे मत आहे.

साताऱ्याहून औंधला जाण्यास दीड तासाच्या आसपास लागतो. खटाव तालुक्यातील हे गाव पूर्वी पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी होते. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय आहे. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी आयुष्यभर जमविलेल्या कलावस्तूंसाठी ते १९३८ मध्ये उभारले. एका मनुष्याच्या रसिकतेचे संग्रहालय म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर महाराष्ट्रात याहून चांगले ठिकाण क्वचितच असेल. राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत. आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर (१८९८-१९८६) यांचे माता व बालक हे दगडी शिल्पही येथे आहे. रविवर्म्यांच्या चित्रांपुढे माणसे रेंगाळतात, मूरच्या शिल्पापुढे क्षणभर थबकून पुढे जातात. आम्ही वाचकांस सुचवू की येथे उलट करावे. डोळे, नाक, दागिने यांवाचून केवळ दगडाच्या गोलाईतून माता-बालकाचे नाते दाखविणारे हे काम पाहताना, प्रतिमेऐवजी चक्र, पादुका, बोधिवृक्ष एवढ्यांवर भागविणाऱ्या प्राचीन बौद्ध शिल्पकारांची आठवण होते. साम्य वरवरचे असेल. पण न दाखविता सुचविण्याची रीत दोन्हींकडे आहे.

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून ते अधिक प्रसिद्ध झाले, त्यामुळे त्यांनी १९३२ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवर आणि शिल्पांवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिले, ही गोष्ट मागे पडली. भवानीच्या उपासक असलेल्या एका संस्थानिकाने जातककथांची ओळख करून देणारे पुस्तक लिहावे, आणि तेही नागपूरच्या धम्मदीक्षेच्या चोवीस वर्षे आधी, याची दखल बौद्ध विद्येच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवी. त्या काळी महाराष्ट्रात बौद्ध वारशाकडे कलेच्या दारातून येणारे लोक होते आणि मुक्तीच्या दारातून येणारेही होते. दोघांची गाठ क्वचितच पडली.

औंध संस्थान सलग नव्हते. त्याचे तुकडे आजच्या सांगली जिल्ह्यातही होते, आणि म्हणूनच औंध पाहिल्यावर सांगलीकडे जाणे क्रमप्राप्त ठरते. कुंडलजवळच्या माळावर बाळासाहेबांनी दिलेल्या जागेत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. करहाकडच्या लोहवाणियाचे आणि या कारखान्याचे नाते जोडणे इतिहासाला धरून होणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी दोन हजार वर्षांच्या अंतराने त्याच खोऱ्यात लोखंडाच्या धंद्याचे नाव पुन्हा निघावे, याची मौज वाटते. आटपाडी महाल हाही औंधचाच. तेथे १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन यांचा या प्रयोगात मोठा वाटा होता. भिंती नसलेल्या या तुरुंगावरून प्रेरणा घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. ही वसाहत प्रेक्षणीय स्थळ नाही. अंगुलिमालाची कथा ज्यांना केवळ चमत्काराची वाटते, त्यांनी मात्र तिची माहिती अवश्य करून घ्यावी.

सांगली शहरात राजवाड्याच्या आवारातील संग्रहालय पटवर्धन संस्थानिकांच्या संग्रहातून उभे राहिले. चित्रे हा त्याचा मुख्य भाग. औंधच्या मानाने ते लहान आहे आणि दोन तासांत पाहून होते. परंतु सांगलीत हिंडताना एक विचार टाळता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेच्या महापुराचे पाणी या शहरात शिरले. पाणी ओसरल्यावर भांडी धुता येतात, कपाटे वाळविता येतात. कागद मात्र लगद्यासारखा होतो. नदीकाठच्या घरांत, संस्थांत आणि विहारांत असलेल्या जुन्या कागदांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेली असणे, हा येथे नित्याच्या सावधगिरीचा भाग मानला पाहिजे.

परतताना कऱ्हाडास यशवंतराव चव्हाण यांचे ‘विरंगुळा’ हे निवासस्थान पाहावे. त्यांच्या वापरातील वस्तू, छायाचित्रे आणि पुस्तके तेथे जतन केली आहेत. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे झाला. चव्हाणांचे चरित्र सर्वांस ठाऊक आहे. आमच्या वाचकांना एवढेच स्मरण द्यावयाचे की, महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. आणि ही कनिष्ठ ग्रामवतने ज्या १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली तो कायदा चव्हाण मुख्यमंत्री असताना झाला. दोहोंमध्ये तीस वर्षे गेली. धर्मांतरित बौद्धांना राज्यातील सवलती चालू ठेवण्याचा निर्णयही त्यांच्याच कारकिर्दीतला. खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे सावित्रीबाई फुले यांचे जन्मस्थान स्मारकरूपाने जतन केले आहे. ३ जानेवारीस तेथे मोठी गर्दी होते, म्हणून अभ्यासासाठी इतर दिवस निवडावा.

प्रवासाविषयी थोडे. आगाशिवाची लेणी पावसाळ्यात पाहणे धोक्याचे. खडक निसरडे होतात. मार्गशीर्ष-पौष हा काळ उत्तम. आत अंधार असतो, विजेरी जवळ ठेवावी आणि प्रकाश भिंतीवर तिरपा टाकावा, म्हणजे पुसट अक्षरे उठून दिसतात. अक्षरांत खडू किंवा रंग भरू नये. यामुळे महाराष्ट्रातील अनेक लेख खराब झाले आहेत. शासकीय संग्रहालयांच्या सुट्टीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा.

एक काम मात्र प्रवासाला न निघताही करता येण्यासारखे आहे. या दोन्ही जिल्ह्यांतील गावोगावच्या विहारांत आणि जुन्या कुटुंबांत १९५६ च्या सुमाराचे कागद अजून असतील : दीक्षा घेतलेल्यांच्या याद्या, वर्गणीच्या पावत्या, सभांची हस्तपत्रके, वतनाचे कज्जे, समता सैनिक दलाची छायाचित्रे. छायाचित्रांतील माणसे ओळखणारे वृद्ध आता थोडे उरले आहेत. त्यांच्याजवळ बसून प्रत्येक वस्तूमागे चार रकाने भरावेत : काय आहे, कोणाचे, कोणत्या गावचे, कोणी दिले. महिक लोहवाणियाच्या लेखात हे चारही रकाने भरलेले आहेत. छायाचित्राच्या पाठीवर शाईने लिहू नये, ती पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, कडेस, हलक्या हाताने लिहावे आणि यादीची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी.